माउलीचा शीण

गेल्या वर्षी एका गावी सप्ताहात प्रवचन आटोपले आणि शंका-समाधानाला बसलो होतो. पन्नाशीचे एक माळकरी शेतकरी उठून हात जोडून म्हणाले, "महाराज, आमची मंडळी दरसाल आषाढीला आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी येते. अडीचशे किलोमीटर चालते, वाटेत फुगड्या घालते. आणि घरी परतली की महिन्याभरात पुन्हा तेच. अंगात त्राण नाही म्हणते, सकाळी उठवत नाही म्हणते, पाणी भरताना मध्येच बसते. मग हा थकवा खरा का मनाचा? आणि मुखी नाम असणाऱ्याला असा शीण यावा, ही भक्तीतली उणीव नव्हे काय?"

पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. बायकांच्या बाजूला मात्र कोणी हसले नाही. मीही हसलो नाही, पण त्यात माझे काही थोरपण नाही. हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मी माझ्याच घरात विचारला होता, आणि त्याचे उत्तरही मीच देऊन टाकले होते. ते उत्तर चुकले होते. ते कसे चुकले, एवढेच आज वाचक माउलींपुढे मांडायचे आहे.

आमच्या घरी पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, आणि दोन्हींच्या मधले सगळे काम पत्नीकडे. वयाच्या पंचेचाळिशीनंतर ती म्हणू लागली, "अहो, हल्ली फार दमायला होतं." प्रथम मी ऐकले. मग ऐकून न ऐकल्यासारखे केले. मग उपदेश करू लागलो. देह नाशवंत आहे, त्याचे फार लाड करू नयेत, नाम घे म्हणजे उभारी येईल, असे मी तिला चांगली दोन वर्षे सांगत होतो. ती बिचारी नामही घेई आणि भाकरीही थापी. गावातल्या एका दवाखान्यात नेले, तर तेथे सलाईन लावून ताकदीचे इंजेक्शन दिले. दोन दिवस बरे वाटले. सलाईनमध्ये असते पाणी आणि मीठ, फार तर साखर. त्याने रक्त तयार होत नाही. पण हे तेव्हा मला ठाऊक नव्हते, आणि विचारावे असेही वाटले नाही.

२०१७ च्या वारीत ती नेहमीप्रमाणे डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन निघाली. पुण्याहून सासवडची वाटचाल सर्वांत लांब, आणि मध्ये दिवे घाट. घाटाच्या पायथ्याशी ती खाली बसली. ओठ पांढरे, छाती धपापलेली. मी मागून पोहोचलो आणि माझ्या तोंडून पहिले शब्द काय निघाले? "अगं, आताच बसलीस? अजून घाट चढायचाय." मी हे म्हणतो आहे तोवर दिंडीतल्या दोघी पुढे झाल्या. एकीने तिच्या डोक्यावरची तुळस उचलून आपल्या डोक्यावर घेतली, दुसरीने पदराने वारा घातला. "काय झालं?" असेही त्यांनी विचारले नाही. त्यांना ते दिसत होते. मला तीन वर्षे घरात दिसले नव्हते.

सासवडच्या मुक्कामी वैद्यकीय तंबूत रक्त तपासले. हिमोग्लोबिन निघाले ७.२. स्त्रीच्या रक्तात ते निदान १२ असावे असे मानतात आणि ८ च्या खाली गेले की तो रक्तक्षय तीव्र समजतात. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला विचारले, "मावशी, पाळीत फार जातं का?" ती माझ्याकडे पाहून गप्प राहिली. मी बाहेर गेल्यावर तिने सांगितले की तीन वर्षे पाळीचा नेम नव्हता, आणि आली की आठ-आठ दिवस अंगावरून जात असे. बाईंनी आणखी एक गोष्ट विचारली ती मला विलक्षण वाटली. "माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटतं का?" आमच्या घरी तांदूळ निवडताना ती मूठभर दाणे तोंडात टाकी, आणि आम्ही सगळे तिला हसत असू. ते रक्तातले लोह संपत आल्याचे लक्षण होते.

अशा गोष्टी या मासिकात लिहाव्यात काय, असे काही जुन्या वाचकांना वाटेल. पाळी हा शब्द छापण्याचा मलाही पूर्वी संकोच होता. पण या संकोचापायीच ती तीन वर्षे बोलली नाही आणि मी तीन वर्षे विचारले नाही. तेव्हा तो संकोच आता पुरे झाला.

आता मूळ शंकेकडे वळू. देहबुद्धी सोडावी हे तर सर्व संत सांगतात. मग देहाचा शीण मोजत बसणे, रक्त तपासणे, ही देहबुद्धीच नव्हे काय? शंका योग्य आहे. परंतु येथे एक बारीक भेद आहे, आणि तो चुकला की परमार्थाचा अनर्थ होतो. देहाची आसक्ती सोडायची ती आपापल्या देहाची. मी माझ्या भुकेकडे दुर्लक्ष केले तर त्याला कदाचित वैराग्य म्हणता येईल. मी दुसऱ्याच्या भुकेकडे दुर्लक्ष केले आणि त्याला देहाचे नश्वरत्व ऐकवले, तर त्याला वैराग्य म्हणत नाहीत. मी पत्नीला देह नाशवंत असल्याचे सांगत होतो ते कोणत्या वेळी? तिने आयता वाढलेल्या ताटावर बसून! तिच्या नाशवंत देहाने केलेली भाकरी मला गरम हवी होती. ते वैराग्य नव्हते, माझी सोय होती.

शिवाय साधकाने देह झिजवूनच टाकावा असे तरी शास्त्र कोठे आहे? गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्वच्छ सांगितले आहे की फार खाणाऱ्याला योग साधत नाही तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि फार जागणाऱ्यालाही नाही. आहार, विहार, कर्म, झोप, जागरण, सगळे मापात असावे. ज्ञानोबा माउलींनी ज्ञानेश्वरीत याच मापाचे विवरण केले आहे. आपण प्रवचनकार हा भाग सांगतो तेव्हा समोरच्या पुरुषाला कमी खा, कमी झोप असेच बहुधा सांगतो. समोर जिचे जेवण आधीच कमी आणि झोप आधीच अपुरी अशी बाई बसलेली असते. तिला त्याच श्लोकातून पोटभर जेव आणि नीज असा अर्थ सांगायला हवा, हे आमच्या लक्षात येत नाही.

आणि अशी बाई एखादीच नव्हे. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना रक्तक्षय आढळला. आपल्या महाराष्ट्रात शेकडा ५४. म्हणजे आपल्या दिंडीत हजार बाया त्या वयाच्या असतील, तर त्यांत पाचशेहून अधिक रक्त कमी असताना चालत असण्याचा संभव आहे. रक्त हळूहळू कमी होते तेव्हा शरीर त्याची सवय करून घेते. म्हणून ती बाई पडत नाही, चालत राहते. आणि चालते आहे म्हणजे बरी आहे, असे आपण धरून चालतो.

चाळिशी-पन्नाशीत पाळी जाण्याच्या आधी काही वर्षे हा प्रकार वाढतो. पाळी अनियमित होते, कधी फार जाते. रात्री एकाएकी अंग पेटल्यासारखे होऊन घाम फुटतो, झोप मोडते. झोप मोडली तरी काकड्याची वेळ टळत नाही. काहींची थायरॉईडची ग्रंथी मंदावते. मग अंग जड, त्वचा कोरडी, केस गळतात, थंडी फार वाजते, शौचास साफ होत नाही, वजन मात्र वाढते. अशा बाईला लोक सरळ आळशी म्हणून मोकळे होतात. हा विकार पुरुषांपेक्षा बायकांत अधिक. एका रक्ततपासणीने कळतो आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या एका लहान गोळीने आटोक्यात येतो. डॉक्टर सांगतील तितका वेळ चहा थांबवावा लागतो, एवढाच काय तो त्रास.

आपणा माळकऱ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. बी-१२ नावाचे एक जीवनसत्त्व धान्यात, डाळीत, भाजीत जवळजवळ नसते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळायचे. आणि घरात दुधाची वाटणी कशी होते? साय नातवाला, दही जावयाला, दूध घरधन्याला, आणि तिच्या वाट्याला चहातले चमचाभर. शरीरात साठा असतो म्हणून वर्षानुवर्षे काही कळत नाही. मग थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, जीभ लाल होऊन झोंबते, विसरायला होते. मधुमेहाची काही औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांतही ते कमी होते. यासाठी माळ काढण्याची काही गरज नाही. हे सत्त्व कारखान्यात सूक्ष्म जीवांकडून, आंबवण्याच्या क्रियेने तयार करतात, मांसातून काढत नाहीत. डॉक्टरांना विचारून गोळी किंवा इंजेक्शन खुशाल घ्यावे.

उपासाविषयीही थोडे बोलतो. एकादशी आपला प्राण आहे. ती मी सोडायला सांगणार नाही. पण महिन्याच्या दोन एकादश्यांवर सोमवार, गुरुवार, चतुर्थी, शनिवार अशी भर घालत जाणाऱ्या आणि दिवसभर साबुदाणा नि चहा यांवर काढणाऱ्या भगिनी मी पाहतो. साबुदाण्यात पिठाखेरीज फारसे काही नाही. त्यापेक्षा राजगिरा, शेंगदाणे, दूध बरे. एरवी बाजरीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, हळीव यांत लोह आहे, आणि त्यावर लिंबू पिळले किंवा आवळा खाल्ला तर ते अंगी लागते. जेवणाबरोबरचा चहा मात्र ते अंगी लागू देत नाही. गुळाने रक्त वाढते असे आपण म्हणतो, पण एवढ्याशा गुळाने सातचे बारा होत नाहीत. त्याला डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याच हव्यात. त्या काही महिने, हिमोग्लोबिन वर आल्यानंतरही, घ्याव्या लागतात. शौचास काळे होते म्हणून घाबरून अर्ध्यावर सोडू नयेत. उपासाच्या दिवशी औषध घेतल्याने उपास मोडत नाही, असे माझे मत आहे; ज्यांना शंका असेल त्यांनी आपापल्या गुरूंना विचारावे, पण गोळी घेऊन मग विचारावे.

साखर, क्षय, मनाची उदासी, करोनानंतर रेंगाळलेली अशक्तता, अशी आणखीही कारणे असतात. ती तपासणाऱ्याने शोधायची. दोन बाबतींत मात्र मुळीच थांबू नये. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून गेले, किंवा एकाएकी विलक्षण गळून जाऊन दम, घाम, छातीत दाब, जबड्यात वा पाठीत कळ असे काही झाले, तर तडक रुग्णालय गाठावे. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा नुसत्या थकव्याच्या वेषात येतो.

आमच्याकडे पुढे सोनोग्राफी झाली. गर्भाशयात लहान गाठी होत्या. "काढून टाका, कटकट जाईल," असा सल्ला देणारे नातेवाईक पुष्कळ भेटले. तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी औषध आणि शिरेतून लोह देऊन पाहिले आणि तेवढ्यावर भागले. काहींना शस्त्रक्रिया खरोखरच लागते, ती टाळू नये. पण कटकट म्हणून ती करू नये. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या शेकडो भगिनींची गर्भाशये अशीच काढली गेल्याचा बोभाटा झाला, आणि २०१९ साली सरकारला त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. त्यांतल्या कित्येक जणी तिशी-चाळिशीच्या. खाडा पडू नये, मजुरी बुडू नये, म्हणून शरीराचा अवयवच काढायचा! गर्भाशयाबरोबर अंडाशयही गेले तर पाळी जाण्याचा काळ एका दिवसात अंगावर कोसळतो आणि हाडे लवकर ठिसूळ होतात.

असो. औषधाने रक्त वाढले. पण शीण सगळा गेला काय? नाही. आणि खरा विचार मला तेथून करावा लागला.

सप्ताहात वीणा अखंड उभी असते. ती जमिनीला टेकवायची नाही, हा नेम. पण एकच विणेकरी आठ दिवस उभा राहतो काय? त्याचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. वीणा अखंड राहते ती हात बदलतात म्हणूनच. वीणा दिली म्हणून पहिल्याची भक्ती कमी पडली, असे आजवर कोणी म्हटलेले मी ऐकले नाही. आता घराकडे पाहा. चूल, पाणी, धुणे, गुरे, म्हाताऱ्यांचे औषधपाणी, नातवंडे, हेही अखंडच आहे, टेकवता येत नाही. आणि पहारा एकटीचाच. सरकारने २०१९ साली लोकांचा वेळ कसा जातो याची देशभर पाहणी केली. तीत शंभरांपैकी ८१ स्त्रिया रोज बिनमोल घरकाम करताना आढळल्या, सरासरी २९९ मिनिटे. पुरुषांत शंभरांतले २६, आणि त्यांचीही ९७ मिनिटे. शेतातली मजुरी या हिशेबात धरलेलीच नाही.

त्या शेतकरी बंधूंच्या प्रश्नाची उकल मला येथे दिसते. वारीत बाई अडीचशे किलोमीटर चालते, कारण वारीची आखणी करणाऱ्यांनी देहाचे माप ओळखले होते. सकाळचा विसावा, दुपारचे भोजन, पुन्हा विसावा, मग मुक्काम; पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री. तुळस जड झाली की दुसरीच्या डोक्यावर. पुढे कोणी भाकरीची वाट पाहत बसलेले नाही, मागून कोणी हाक मारीत नाही, बरोबरीच्या बाया आहेत, मुखी नाम आहे. (काही दिंड्यांत अजूनही बायाच पहाटे उठून सगळ्यांचा स्वयंपाक करतात. तेथे हे लागू नाही, आणि त्या दिंड्यांनी याचा विचार करावा.) घरी विसावा कोठे आहे? घरी तिचा शीण खोटा नसून वारीत तिला शीण वाटून घेणारे भेटतात. आणि एवढे असूनही रक्त सातवर आले की दिवे घाट चढवत नाही. तेथे नुसते वाटून घेणे पुरत नाही, औषधही लागते.

जनाबाईंची कथा आपण सगळे सांगतो. नामदेवरायांच्या घरी राबणारी ती दासी, आणि तिच्याबरोबर जाते ओढणारा, शेणी वेचणारा पांडुरंग. गोपाळपूरला तिचे म्हणून दाखवतात ते जाते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. या कथेतून मी इतकी वर्षे जनीची भक्ती सांगत आलो. देवाने काय केले याकडे मी पाहिलेच नव्हते. जनी दमली तेव्हा देवाने तिला देह नाशवंत असल्याचे सांगितले नाही. सहनशीलतेवर प्रवचन दिले नाही. तो खाली बसला आणि खुंट्याला हात घातला.

बायकांचाही यात एक दोष आहे, तो सांगितला नाही तर लबाडी होईल. मी पत्नीला म्हटले, सकाळचा चहा आणि पाणी भरणे माझ्याकडे. तिला पटेना. "तुम्ही दूध उतू घालाल. लोक काय म्हणतील?" महिनाभर ती माझ्यामागे उभी राहून पातेल्यावर नजर ठेवी. माझ्यावाचून घर चालत नाही, हाही अहंकारच, फक्त कष्टाचे वस्त्र नेसलेला. वीणा पुढे करणारा असावा लागतो तशी सोडणारीही असावी लागते. पण ही तक्रार मी हळू आवाजातच करतो. तीस वर्षे ज्याने हात पुढे केला नाही, त्याच्या हाती एका दिवसात भरवसा कसा ठेवावा? दूध पहिल्या आठवड्यात दोनदा उतू गेले, हेही खरेच आहे.

त्या सप्ताहात एवढे सगळे मी बोललो. ते शेतकरी बंधू खाली मान घालून ऐकत होते; त्यांना पटले की नाही, मला कळले नाही. दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन झाले, प्रसाद वाटून झाला, आणि निघताना एक बाई पाया पडायला आल्या. मागे थोड्या अंतरावर तेच बंधू उभे होते. बाई खाली पाहत हळूच म्हणाल्या, "महाराज, तांदूळ निवडताना मीपण खाते."

मी त्यांच्या मागे पाहून म्हटले, "सोमवारी ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा. रक्त तपासून घ्या, थायरॉईड आणि बी-१२ चेही विचारा."

"सोमवारी बाजार असतो, महाराज," ते म्हणाले. मग थोडा वेळ त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "ऱ्हाऊ द्या बाजार. नेतो."